बारावं नाव

रत्नागिरी जिल्ह्याच्या महिला कबड्डी संघाच्या निवड समितीवर यंदा मला घेतलं. घरच्यांचं म्हणणं, त्यात कसलं आलंय एवढं, चांगल्या बारा पोरी बघायच्या आणि नावं द्यायची. खेळणाऱ्यांच्या घरातही असंच समजतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहायला बसले. पहिली आठ नावं बिडी ओढत मैदानाच्या कडेला उभा असलेला म्हाताराही बिनचूक सांगतो. पुढची दोन-तीन थोड्या बोलाचालीनं ठरतात. खरी निवड होते ती अगदी शेवटच्या नावाला. तिथं चांगली कोण, हा प्रश्नच उरत नाही, कारण समोर राहिलेल्या सगळ्याच चांगल्या असतात.

यादी जिल्ह्यापुरती दिसते, पण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. राज्य अजिंक्यपद स्पर्धा हीच महाराष्ट्राच्या संघाची निवड चाचणी असते. तिथं नजरेत भरलेली मुलगी राष्ट्रीय स्पर्धेला जाते, राष्ट्रीयला चमकली तर भारताच्या शिबिराचं बोलावणं येतं. 2012 साली पाटण्याला पहिला महिला विश्वचषक भारतानं जिंकला, त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या. आमच्या वर्गातल्या मुली अजून ती नावं घेतात. जिल्ह्याच्या यादीत नाव नसेल, तर मुलगी कितीही गुणी असो, त्या वाटेला तिचा पायच लागत नाही.

समिती आमची तिघांची. राजापूरचे अण्णा, सगळं आयुष्य पंचगिरीत गेलेले. चिपळूणचे सर, एकेकाळचे नावाजलेले चढाईपटू. आणि मी, गुहागर तालुक्यात शाळेत खेळ शिकवणारी, स्वतः खेळत होते तेव्हा मध्यरक्षक. जिल्हा स्पर्धेत तिघांनी तीन बाजूंना बसायचं आणि स्पर्धा संपेपर्यंत एकमेकांच्या वह्या बघायच्या नाहीत, ही अण्णांची अट. मला ती फार पटली. शेजारी बसलं की माणूस बोलतो, आणि मोठ्यानं बोलणाऱ्याचं मत तिघांचं होऊन बसतं.

गुणफलक सगळ्यांनाच दिसतो, त्यामुळे वहीत मी तो उतरवत नाही. चढाईला गेलेली मुलगी कुठल्या वेळी, समोर किती जणी असताना गुण घेऊन आली, ते लिहिते. समोर सहा किंवा सात जणी असतील तरच बोनस, म्हणजे कुणाला हात न लावताही मिळणारा गुण, मिळतो. पाय चपळ असलेली मुलगी सामन्याच्या सुरुवातीला बोनस रेषेपलीकडे पाय टाकून गुण गोळा करते, टाळ्या मिळतात, फलक हलतो. पण समोर चार जणी उरल्या, आपल्या दोन चढाया मोकळ्या गेल्या आणि तिसरी करायची वेळ आली, की गुण आणायचाच, नाही तर बाद व्हायचं. तीस सेकंद असतात हातात. ती तिसरी चढाई कोण मागून घेते आणि कोण नजर चुकवते, हे बाजूला बसून स्पष्ट दिसतं.

बचावात मी पकडीपेक्षा हुकलेली पकड जास्त बघते. लांज्याकडच्या एका मुलीचं नाव मी तिथंच अधोरेखित केलं. डाव्या कोपऱ्याला उभी होती. चढाईपटू आत येताच ती घोट्यावर झेपावली, हातात नुसता मोजा आला, गुण गेला. दुसरी एखादी अशा वेळी शेजारणीकडे बघून तोंड वाकडं करते किंवा जमिनीवर हात आपटते. ही मैदानाबाहेर जाता जाता डाव्या मध्यरक्षकाला दोन शब्द सांगून गेली. परत आत आली तेव्हा तीच चढाईपटू पुन्हा आली होती. या वेळी हिनं झेप घेतलीच नाही. गुडघे वाकवून, हात अर्धवट पुढे ठेवून, चढाईत निदान गाठावी लागते ती निदान रेषा ओलांडून चढाईपटू आणखी एक पाऊल आत येईपर्यंत ती थांबली. मग मध्यरक्षक बाहेरून आणि ही आतून, अशी दोघींची साखळी तिच्याभोवती बंद झाली. फलकावर एकच गुण लागला. माझ्या वहीत मात्र त्यावर अर्धं पान आहे.

जिल्हा स्पर्धेतून पंचविसेक मुली शिबिराला घेतल्या, शिबिर रत्नागिरीत. बाहेरच्यांना कल्पना नसते, पण आमच्याकडे शिबिराला वेळेवर पोचणं हीसुद्धा एक चाचणीच असते. दापोलीकडच्या मुली दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी बदलून येतात, नाहीतर खेड-चिपळूणवरून एसटीचा मोठा वळसा. सकाळच्या सत्राला हजर राहायचं म्हणून काही जणी आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे येऊन राहिल्या. कुणाला ठाण्याचा मुलगा बघायला आलाय म्हणून दोन दिवस परत नेलं. एकीच्या सासूनं स्वतः सोबत येऊन तिचं लहान मूल मैदानाच्या कडेला सांभाळलं. त्या माउलीला मी रोज चहा आपल्या हातानं नेऊन दिला.

वजनाचंही सांगायला हवं. महिला गटाला 75 किलोची मर्यादा आहे. आमची एक मध्यरक्षक त्या काट्याच्या अगदी आसपास. अंगात भरपूर जोर, धडक मारली की चढाईपटू थेट कडेच्या लॉबीच्या पट्ट्याबाहेर. वजन भरायच्या आधी पाणी सोडायचं, भर उन्हात स्वेटर घालून पळायचं, हे प्रकार मुली एकमेकींकडून शिकतात आणि मग सामन्यात पायात गोळे येऊन बसतात. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाय, भात कमी कर, पाणी नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी नियम केला, उपाशी राहून वजन उतरवलेलं कळलं तर नाव बाद. कडक वाटला, पण योग्य नियम होता.

शिबिराचा खरा फरक मातीचा आणि मॅटचा. गावच्या मुली भातकापणी झाली की खळ्यात, देवळापुढच्या अंगणात, शाळेच्या मागे, मिळेल त्या जागी चुना मारून खेळतात. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत रात्रीच्या स्पर्धा होतात, त्यातही पुरुषांच्याच जास्त. महिलांचे सामने म्हणजे बहुतेक ठिकाणी अंतिम फेरीआधीचा एक प्रदर्शनी सामना. मातीत पाय थोडा सरकतो, त्या सरकण्यावर चढाईपटू वळते आणि कोपरारक्षकालाही टाच रोवायला मिळते. मॅटवर बूट घट्ट धरतो. वळायचं तिथं पाय जागीच राहतो आणि गुडघा पुढे जातो. पहिल्या दोन दिवसांत कोपरं-गुडघे सोलवटलेले, आणि मातीतल्या राण्या मॅटवर बावरलेल्या, हे दृश्य दरवर्षीचं. राज्य स्पर्धा मॅटवरच असते, त्यामुळे निवडही मॅटवर जमेल तिचीच करावी लागते. माझ्या मते आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, आणि तो निवड समितीच्या बैठकीत दूर होत नाही.

अकरा नावं झाली. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी वह्या उघडल्या, तिघांची आठ नावं तंतोतंत जुळली, तीन चर्चेनं ठरली. बाराव्या जागेला दोन मुली राहिल्या. एक हर्णैची चढाईपटू. जिल्हा स्पर्धेत सर्वाधिक गुण तिचे, मैदानात उतरली की पोरंटोरं तिच्या नावानं ओरडतात, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात तिला ओळखतात. दुसरी ती लांज्याची डावा कोपरा, तिचं नाव तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नाही.

सरांचं मत ठाम. "गुण आणणारी घरी ठेवून गुण न आणणारी नेणार? लोकांना काय तोंड दाखवायचं?" अण्णा गप्प. माझं म्हणणं वेगळं होतं. अकरा जणींत चार चढाईपटू आधीच होत्या, चौघींचाही भर हातावर आणि बोनसवर, हर्णैच्या मुलीचाही तोच. उलट डाव्या कोपऱ्याला सबंध संघात एकच मुलगी. उजव्या कोपऱ्याला वर्षानुवर्षं खेळलेल्या मुलीला डावीकडे उभं केलं, की पहिलं पाऊलच चुकीचं पडतं, आणि हात पोचेपर्यंत समोरची मध्यरेषेला लागलेली असते. मैदानात सात आणि बाहेर पाच. त्या पाच जणी सातांपैकी कुणाच्या जागी उभ्या राहतील, हे बघूनच घ्यायच्या.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याच्या नादानं मी रग्बी बघते. मी सरांना 2023 च्या रग्बी विश्वचषकाची गोष्ट सांगितली. तिथं संघात 33 खेळाडू नेता येतात. त्यात हूकर ही जागा खास असते. दोन्ही संघ खांदे भिडवून रेटारेटी करतात त्या स्क्रममध्ये मधोमध उभं राहून पायानं चेंडू मागे ओढायचा आणि बाजूच्या रेषेवरून, लाइनआउटला, चेंडू आत फेकायचा, हे त्याचं काम, कुणीही उठून करावं असं ते नाही. दक्षिण आफ्रिकेचा माल्कम मार्क्स हा हूकर स्पर्धा चालू असताना गुडघ्याच्या दुखापतीनं गेला. त्याच्या जागी त्यांनी दुसरा हूकर आणलाच नाही, हँड्रे पोलार्ड हा फ्लाय-हाफ, लाथेनं गुण करणारा, आणला. म्हणजे मुरलेला हूकर उरला एकच, बोंगी म्बोनाम्बी. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध तो पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर गेला. उरलेला जवळजवळ सबंध सामना 37 वर्षांच्या डिऑन फूरी या फ्लँकरनं, म्हणजे एरवी दुसऱ्याच जागेवर खेळणाऱ्यानं, ती जागा सांभाळली. लाइनआउटला त्यांचे हाल झाले.

सरांनी लगेच विचारलं, "आणि जिंकलं कोण?"

दक्षिण आफ्रिका, 12-11.

"गुण कुणी केले?"

बाराच्या बारा पोलार्डनं, चार पेनल्टी मारून.

सर खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, तुम्हीच माझी बाजू मांडलीत. गुण करणारा नेला म्हणून कप मिळाला."

बरोबरच होतं त्यांचं. उदाहरण दोन्ही बाजूंनी लागू पडत होतं, आणि त्यामुळेच मला वाटतं आमची खरी चर्चा तिथून सुरू झाली. आतापर्यंत आम्ही दोन मुलींची तुलना करत होतो, आता संघ समोर ठेवून बोलायला लागलो. अण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तो 37 वर्षांचा माणूस, त्यानं आधी कधी ती जागा खेळली होती काय?" खेळली होती. फूरी आधी अनेक वर्षं क्लबकडून हूकर म्हणूनच खेळलेला. म्हणजे त्यांनी पोलार्डला घेतलं ते मागे फूरी आहे हे जाणूनच घेतलं. अण्णांनी आमच्या अकरा नावांची यादी पुढे ओढली आणि एकेका नावावर बोट ठेवत विचारलं, ही डाव्या कोपऱ्याला खेळलीय? ही? ही? यादी संपली. त्या एकीशिवाय कुणीच नाही. आमच्याकडे फूरी नव्हता.

तरीही सर लगेच मानले नाहीत, आणि ते मला आवडलं. ते म्हणाले, शेवटच्या पाच मिनिटांत आपण मागे असू तेव्हा बाकावर बघाल आणि तिथं कोपरा बसलेला असेल. त्याला उत्तर म्हणून मी वही उघडली. शिबिरात आम्ही मुद्दाम तसाच सराव घेतला होता, समोर चार जणी, तिसरी चढाई, घड्याळ लावून. हर्णैची मुलगी त्यात बहुतेक वेळा पकडली गेली होती. मॅटवर वळताना तिचा डावा पाय मागे राहायचा आणि घोटा हाती सापडायचा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी तिला न्यायचं, तर नेमकं तेच तिला मॅटवर अजून जमत नव्हतं. सरांच्या वहीतही तेच होतं. त्यांनी ते स्वतः वाचून दाखवलं. प्रामाणिक माणूस आहे.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली, ती इथंही सांगते. 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून 24-27 अशा हरल्या. पुढच्या खेपेला हांगझोऊला चिनी तैपेईला हरवून सुवर्णपदक आणलं ते 26-25 असं. एक गुण. तो चढाईचाही असतो आणि पकडीचाही, दोन्हीचं मोल सारखंच. पण आमच्या गावांत चढाईचाच गुण लोकांच्या लक्षात राहतो.

बारावं नाव लांज्याच्या मुलीचं लागलं.

नावं मोबाइलच्या ग्रुपवर टाकायच्या आधी, ज्यांची नावं नाहीत त्या सगळ्यांना समोर बसवून कारण सांगायचं, ही माझी अट होती. मी खेळायचे तेव्हा यादी भिंतीला लागायची, आणि जिचं नाव नसायचं ती बॅग उचलून गुपचूप एसटी स्टँडवर जायची. का नाही, हे तिला आयुष्यभर कळायचं नाही. मग ती स्वतःच कारण शोधायची, आणि ते कारण कधीच खरं नसायचं. कित्येक मुलींचा खेळ अशा शोधलेल्या कारणांनी सुटला आहे.

हर्णैच्या मुलीला मी मैदानाच्या कडेच्या गडग्यावर घेऊन बसले. सकाळची वेळ, जांभा दगड अजून गार होता. तिला आधीच अंदाज आला होता. रडली नाही. खाली बघत बुटाची नाडी सोडवत विचारलं, "मॅडम, मी कुठं कमी पडले?"

मी वही तिच्या मांडीवर ठेवली. तिसऱ्या चढायांचं पान उघडलं. प्रत्येक वेळी कुठं उभी होती, कुठल्या बाजूनं वळली, कुठला पाय पकडला गेला, सगळं लिहिलेलं. तिनं बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पान उलटून मागचं, जिल्हा स्पर्धेतलं, वाचलं. तिथं गुणच गुण होते, पण सामन्याच्या सुरुवातीचे.

"डावा पाय राहतो," ती म्हणाली.

"राहतो."

"मातीत नाय राहत, मॅडम. आमच्याकडं मॅट नाय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उगाच काही बोलून तिची समजूत घालायची माझी इच्छाही नव्हती. आई बंदरावर लिलावातली मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकते, बाप बोटीवर. पोरगी पहाटे आईबरोबर टोपल्या उचलून मग किनाऱ्यावरच्या वाळूत धावते. वाळूत धावून मांड्या लोखंडासारख्या झाल्यात, पण वाळू मॅटवरचं वळण शिकवत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, तू कमी पडली नाहीस, तुझा सराव कमी पडलाय, आणि तो तुझ्या हातात नव्हता. तिनं वहीच्या त्या पानाचा फोटो मागितला. मी काढू दिला.

राज्य स्पर्धेचं थोडक्यात सांगते. गटातले सामने जिंकून बाद फेरीत गेलो आणि तिथं पहिल्याच सामन्यात थोडक्या गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटांत आमच्या दोन तिसऱ्या चढाया पकडल्या गेल्या. लांज्याची मुलगी गटातल्या एका सामन्यात, पहिल्या कोपऱ्याच्या पायात गोळा आला तेव्हा उतरली, आणि कोपरा जागच्या जागी राहिला. लोक अर्थातच म्हणाले, हर्णैची नेली असती तर. सरांना कुणीतरी तोंडावर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, निवड तिघांची आहे आणि मला मान्य आहे. मलाही ती आज तितकीच मान्य आहे. पुन्हा तीच अकरा नावं आणि त्याच दोन मुली समोर आल्या, तर मी तेच नाव लिहीन.

पण बैठकीत जे सुटत नव्हतं, त्याच्या मागे आम्ही लागलो. एका संस्थेकडे मॅटचा एक जुना संच गुंडाळून पडलेला होता. पुष्कळ अर्ज, फोन आणि फेऱ्या झाल्यावर तो किनाऱ्याकडच्या मुलींसाठी मिळाला. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटरचं, म्हणजे एक मीटरच्या चौकोनी 96 लाद्या, दात एकमेकांत अडकवून बसवायच्या. काहींचे दात तुटलेत, त्या कडेच्या लॉबीला लावायच्या ठरवल्या आहेत. अण्णांनी टेम्पोचं भाडं दिलं. चिपळूणचे सर शनिवारी येऊन चढाईचं वळण शिकवतात, आणि हर्णैच्या मुलीच्या डाव्या पायासमोर मुद्दाम लांज्याच्या मुलीला उभी करतात. तीही एसटीनं लांबचा पल्ला मारून येते, पुढच्या शनिवारी मलाही तिच्या जोडीला मध्यरक्षक म्हणून उभं राहायला सांगितलंय.

लाद्या सध्या एका मंडपाखाली आहेत. मॅट भिजली की निसरडी होते, मग त्यावर घोटे मुरगळतात. जूनच्या आत पत्र्याचं छप्पर व्हायला हवं. गावच्या सभेत जागा मिळाली आहे, लोखंडी पाइप एका बोटमालकानं देऊ केलेत, पत्र्यांचं अजून जमायचं आहे.